वॉशिंग्टनच्या आइन्स्टाइनला भेटायला जाताना: सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

सांगली-मिरजेतून दर उन्हाळ्यात कितीतरी आई-बाबा मुलांकडे अमेरिकेला जातात. ज्यांचं कुणी व्हर्जिनिया, मेरीलँड किंवा न्यू जर्सीत आहे, त्यांची वॉशिंग्टनवारी ठरलेलीच असते. व्हाइट हाऊससमोर फोटो, लिंकनसमोर फोटो, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘इथं तो आइन्स्टाइन बसलाय म्हणे, तो कुठं?’ मी सांगलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि लेक व्हर्जिनियात असते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. लग्नाच्या पंगतीत येतात, आमराईत फिरताना येतात, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवरही येतात. उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

पुतळा नेमका कुठे आहे?

वॉशिंग्टन शहरात, कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूवर, नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या आवारात. इमारतीचा नैर्ऋत्य कोपरा धरा, बाविसाव्या रस्त्याच्या बाजूचा. एल्म आणि हॉली या झाडांच्या सावलीत तो बसलेला आहे. रस्त्यावरून चटकन दिसत नाही, त्यामुळे बसमधून ‘डावीकडे पाहा’ म्हणेपर्यंत निघून जातो. रस्ता ओलांडला की पलीकडे व्हिएतनाम युद्धाचं स्मारक आणि थोडं पुढे लिंकन. म्हणजे लिंकनपर्यंत तुम्ही जाणारच असाल, तर आइन्स्टाइनसाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही.

तिकीट किती? वेळा काय?

तिकीट नाही. उघड्यावरचा पुतळा आहे, फाटकावर पावती फाडणारा कुणी नसतो. उजेडात जा, कारण कागदावरचं आणि दगडावरचं वाचायचं आहे. गर्दी नको असेल तर सकाळी लवकर. दहा-अकरानंतर शाळांच्या सहलींच्या बस येऊ लागतात.

जावई ऑफिसला गेले की आम्ही दोघंच असतो. मेट्रोनं जमेल का?

अगदी आरामात. फॉगी बॉटम नावाच्या स्टेशनवर उतरायचं. निळी, केशरी आणि चंदेरी अशा तिन्ही मार्गांच्या गाड्या तिथे थांबतात. डलस विमानतळापासून येणारी चंदेरी गाडीही हीच, त्यामुळे व्हर्जिनियात हर्नडन, रेस्टनकडे राहणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनातून वर आलात की तेविसाव्या रस्त्यानं दक्षिणेकडे चालत सुटायचं. कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यू लागला की डावीकडे वळायचं. चालणं पंधरा-वीस मिनिटांचं आहे. गुडघे कुरकुरत असतील तर लेकाला सुट्टीच्या दिवशी गाडीनं सोडायला सांगा, पण त्या भागात गाडी लावायला जागा मिळणं कटकटीचं असतं हे त्यालाही माहीत असेल. मेट्रोचं स्मारट्रिप कार्ड आधीच घेऊन ठेवा.

पुतळा मोठा आहे का? फोटोत अंदाज येत नाही.

मोठा म्हणजे बसलेला असूनच १२ फूट उंच. ब्राँझचा, वजन सुमारे ४ टन. एका अखंड ओतकामात एवढं होत नाही, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडलेला आहे. पांढऱ्या ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्यांच्या अर्धगोल बाकावर तो बसलाय. त्याचा आणि बाकाचा भार पेलायला खाली खडकापर्यंत, म्हणजे २३ ते २५ फूट खोल, पाया नेला आहे. वरून बघताना मात्र सगळं निवांत दिसतं. अंगात चुरगळलेला स्वेटर, पायात सँडल, डाव्या हातात कागद.

अंगावर मातीचे गोळे थापल्यासारखा ओबडधोबड का केलाय?

शिल्पकाराची ती पद्धतच आहे. शिल्पकार रॉबर्ट बर्क्स यांनी १९५३ मध्ये न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला, आइन्स्टाइनच्या गावी जाऊन आइन्स्टाइनला समोर बसवून त्याचा अर्धपुतळा घडवला होता. पुढं जन्मशताब्दीच्या वेळी त्याच चेहऱ्यावरून हा मोठा पुतळा केला. मातीवर बोटांचे, अंगठ्याचे दाब जसे पडले तसेच त्यांनी ब्राँझमध्ये ठेवले. घासूनपुसून गुळगुळीत केलं नाही. तेव्हा काही समीक्षकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर ज्या माणसानं केस विंचरायचे कष्ट घेतले नाहीत, त्याचा गुळगुळीत पुतळा शोभला नसता. जवळ जाऊन चेहरा बघा. डोळ्यांखालच्या पिशव्यांत दमलेपण आहे, आणि तेही लोभस आहे.

मांडीवर चढून बसतात म्हणे! आपल्याला ते बरं वाटत नाही. चपला काढायच्या का? हार न्यावा का?

हा प्रश्न सांगलीतला जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पुतळा म्हणजे उंच चौथरा, भोवती लोखंडी कुंपण, जयंतीला शिडी लावून घातलेला हार आणि बाकी वर्षभर कबुतरं. त्याच्या पायाला हात लागणंच अवघड, मग मांडीची गोष्ट दूरच.

इथं चौथरा मुद्दाम टाळला आहे. आइन्स्टाइन जमिनीलगत बसलाय. मुलं चढतात, मांडीवर बसतात, खांद्याला धरून फोटो काढतात, आणि कुणी ओरडत नाही. तो अपमान समजत नाहीत. कॉलेजची पोरंही चढतात. तुम्हाला चढायचं नसेल तर चढू नका, बाकावर शेजारी बसा. पंचाहत्तरीच्या माणसानं शेजारीच बसावं हे बरं, पडलात तर तिथलं हॉस्पिटलचं बिल बघून दुसरा झटका येईल.

चपला काढायची गरज नाही. हार नेऊ नका, फुलं ठेवू नका, हळदकुंकू तर नकोच. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी ‘निदान नमस्कार तरी’ म्हणून त्याच्या सँडलला हात लावून डोळ्यांना लावला. जवळ उभ्या असलेल्या अमेरिकन मुलानंही पाहून तसंच केलं. त्याला काही हरकत नाही.

हातातल्या कागदावर काय लिहिलंय? मला वाटलं भाषणाचे मुद्दे असतील.

मास्तर म्हणून माझा आग्रह आहे की फोटो नंतर काढा, आधी तो कागद वाचा. लोक मांडीवर बसून कागदाकडे पाठ करतात आणि निघून जातात. त्यावर त्याच्या आयुष्यभराच्या कामातली तीन समीकरणं आहेत.

पहिलं प्रकाशविद्युत परिणामाचं, १९०५ सालचं. बारावीला आपण सगळ्यांनी घोकलेलं. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, पण सोडियमच्या पत्र्यावर लाल प्रकाशाचा कितीही मोठा झोत टाका, काही होत नाही, आणि जांभळा प्रकाश मिणमिणता असला तरी इलेक्ट्रॉन लगेच सुटतात. लाटांच्या हिशेबानं हे कळत नव्हतं. आइन्स्टाइननं म्हटलं की प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो, आणि एकेका पुडीत किती ऊर्जा आहे ते रंगावर ठरतं. लाल प्रकाशाच्या पुड्या कितीही पाठवा, एकेक पुडी अपुरीच. त्याला १९२१ चा नोबेल मिळाला तो मुख्यतः या कामासाठी. सापेक्षतेसाठी नाही! हे सांगितलं की आजही वर्गात अर्धी मुलं विश्वास ठेवत नाहीत.

दुसरं व्यापक सापेक्षतेचं, नोव्हेंबर १९१५ मधलं. अक्षरांना खाली बारीक अक्षरं लटकलेली दिसतील ते हे. वस्तुमान आणि ऊर्जा जिथं असते तिथं अवकाश आणि काळ वाकतात, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, एवढा त्याचा आशय. याचा आपल्याला काय उपयोग, असं कुणी म्हणालं तर विचारा की तुम्ही इथपर्यंत कशानं आलात? मोबाइलच्या नकाशानंच ना? जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ते पुढे जातं, आणि उपग्रहाच्या वेगामुळे थोडं मागे पडतं. दोन्हींची वजाबाकी करून उरतात ते ३८. हा फरक आधीच दुरुस्त केला नाही तर एका दिवसात जागा दाखवण्यात दहा किलोमीटरच्या आसपास चूक होईल. सांगलीच्या गणपतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला फोन मिरजेच्या दर्ग्यात दाखवेल.

तिसरं कुणाला सांगायला नको. ई बरोबर एमसी वर्ग. रिक्षांच्या मागेही पाहिलंय मी हे. त्यातला आकडा केवढा आहे ते मात्र डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आपल्या भागातला हिशेब देतो. एक ग्रॅम वस्तुमान संपूर्णपणे ऊर्जेत बदललं तर सुमारे अडीच कोटी युनिट होतात. साताऱ्याच्या कोयना धरणावरचा १,९६० मेगावॉटचा सगळा जलविद्युत प्रकल्प पूर्ण ताकदीनं चालवला, तर एवढी वीज तयार करायला पावणेतेरा तास लागतील. एक ग्रॅम म्हणजे बेदाण्याचे दोन-तीन दाणे.

पायाखाली चमकणारे ठिपके कसले आहेत?

ते आकाश आहे. पुतळ्यासमोर २८ फूट व्यासाचा गोल आहे, नॉर्वेतल्या लार्विक गावच्या गडद हिरवट ग्रॅनाइटचा. त्यात धातूच्या २,७०० हून अधिक चकत्या बसवल्या आहेत. पुतळ्याचं अनावरण २२ एप्रिल १९७९ रोजी झालं. त्या दिवशी भर दुपारी बारा वाजता सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे आकाशात कुठे होते, ते अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांकडून काढून घेऊन या चकत्या बसवल्या. तारा जितका तेजस्वी दिसतो तितकी चकती मोठी. जोडतारे, तारकागुच्छ, पल्सार (ठरावीक ठेक्यानं लुकलुकणारे तारे), क्वासार (फार दूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे) यांच्या खुणाही वेगवेगळ्या आहेत. त्या दुपारी सूर्यप्रकाशात यातलं जवळजवळ काहीच कुणाला दिसत नव्हतं, हे मला फार आवडतं.

मग आपली नक्षत्रं तिथं सापडतील का? बाबा पंचांग बघतात.

बाबांना नक्की न्या. ठळक तारकासमूह नकाशावर दाखवलेले आहेत. मृग म्हणजे तिथलं ओरायन, सप्तर्षी म्हणजे मोठ्या अस्वलाचा भाग. त्या दिवशी सूर्य मेष राशीत होता, आपल्या निरयन गणितानं अश्विनी नक्षत्रात. चैत्र वद्य पक्ष चालू होता आणि अमावास्या चार दिवसांवर आली होती, म्हणजे चंद्र सूर्यापासून फार लांब नाही. एवढं डोक्यात ठेवून खाली वाकून सूर्य आणि चंद्र शोधायला लागा. नातवंडांना पैज लावा. माझा अनुभव असा की या शोधात मुलं पुतळा विसरतात.

मध्यभागी उभं राहून बोललं की आवाज घुमतो, खरंय का?

हो. गोलाच्या बरोबर मध्यावर पुतळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. दोन गोष्टी होतात. तो थेट तुमच्याकडे बघतोय असं वाटतं, आणि बोललेलं स्वतःच्याच कानाला मोठं ऐकू येतं. मागचा बाक अर्धगोल आहे, त्याच्यावरून आवाज परत येतो. ओरडायची गरज नाही. हळू बोला, तेव्हाच गंमत कळते. आजूबाजूला मराठी कुणी नाही असं गृहीत धरून काहीबाही बोलू नका, वॉशिंग्टनमध्ये मराठी माणूस कुठूनही निघतो.

बाकावर काय कोरलंय?

आइन्स्टाइनची तीन वचनं, इंग्रजीत. एकाचा आशय असा की मला निवड करता येत असेल तोवर मी अशाच देशात राहीन जिथं नागरी स्वातंत्र्य, सहिष्णुता आणि कायद्यापुढं सगळ्यांची समानता आहे. हे त्यानं १९३३ मध्ये म्हटलं, हिटलर सत्तेवर आल्यावर, जर्मनीला परत जायचं नाही असं ठरवताना. दुसरं या जगाच्या सौंदर्यानं वाटणाऱ्या आनंदाविषयी आणि आश्चर्याविषयी. तिसरं सत्य शोधण्याच्या हक्काविषयी: हा हक्क हवा असेल तर त्याबरोबर एक कर्तव्यही येतं, जे खरं म्हणून कळलं त्यातला कुठलाही भाग लपवायचा नाही.

पहिल्या वचनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या अमेरिकेत तो आला, तिथल्याच एफबीआय या सरकारी तपाससंस्थेनं त्याच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली. त्याच्या नावाची फाइल सुमारे १,४०० पानांची आहे. शांततावादी, वंशभेदाविरुद्ध बोलणारा, म्हणून संशयित. दगडावर अर्थातच हे कोरलेलं नाही.

तो वॉशिंग्टनला राहायचा का?

नाही. १९३३ पासून १९५५ मध्ये जाईपर्यंत तो न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला राहिला. १९४० मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला, आणि १९४२ मध्ये नॅशनल ॲकॅडमीचा सदस्य. ज्या संस्थेच्या आवारात पुतळा आहे ती हीच, म्हणून पुतळा तिथे.

मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. वॉशिंग्टन लांब पडतं. प्रिन्स्टनला काही बघायला आहे का?

आहे, पण अपेक्षा बेताची ठेवा. गावात नगरपालिकेच्या इमारतीसमोर त्याचा अर्धपुतळा आहे, तोही रॉबर्ट बर्क्स यांचाच. मर्सर स्ट्रीटवर ११२ क्रमांकाचं त्याचं घर आहे, पण ते संग्रहालय नाही. माझ्या घराचं तीर्थक्षेत्र करू नका अशी त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली. फुटपाथवरून बघायचं आणि पुढं जायचं, दार वाजवायचं नाही. समाधी शोधू नका. त्याचं दहन झालं आणि राख विखुरली. जागा जाहीर केली नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर असतो. शहर सुंदर दिसतं आणि गर्दीही तशीच. ऑक्टोबर सगळ्यात सुखाचा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, ब्राँझही तापतं, चड्डीतल्या मुलांना मांडीवर बसवताना आधी हात लावून बघा. जानेवारीत मी तरी सुचवणार नाही.

खाण्याचं आणि बाथरूमचं काय?

पुतळ्याजवळ दोन्ही नाही. समोरच्या नॅशनल मॉलवर (हा दुकानांचा मॉल नव्हे, स्मारकांमधलं लांबलचक मैदान) स्वच्छतागृहं आहेत, तिकडं आधी जाऊन या. खाण्यासाठी मॉलच्या कडेला गाड्या उभ्या असतात, पण शाकाहारी माणसाला त्यात फार वाव नाही. सांगलीहून नेलेलं भडंग अशा वेळी कामाला येतं. झाडाखाली बसून खा, शेंगदाणे तारकानकाशावर सांडू नका.

किती वेळ ठेवावा?

फोटोपुरता गेलात तर दहा मिनिटं. वर लिहिलंय ते सगळं बघायचं तर एक तास.

ड्रोननं वरून नकाशाचा फोटो काढता येईल का?

नाही. वॉशिंग्टन शहरावर ड्रोन उडवायला बंदी आहे. नातवाला हे विमानात बसायच्या आधीच सांगा.

आइन्स्टाइन भारतात आला होता का?

नाही. १९२२ मध्ये जपानला जाताना त्याची बोट कोलंबोला थांबली, तेवढाच तो आपल्या जवळ आला. पण भारताशी त्याचं नातं पक्कं होतं. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी त्याला आपला शोधनिबंध पाठवला. अनोळखी तरुणाचं पत्र, पण आइन्स्टाइननं त्या निबंधाचा स्वतः जर्मन भाषेत अनुवाद करून छापायला दिला, आणि तो विचार पुढं नेला. त्यातून बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी, म्हणजे प्रकाशाच्या पुड्यांसारख्या एकसारख्या कणांचा हिशेब मांडायची रीत आली. १९३० मध्ये रवींद्रनाथ त्याला बर्लिनजवळच्या त्याच्या घरी भेटले. गांधींविषयी त्याला किती आदर होता हे सर्वांना ठाऊक आहे. वॉशिंग्टनमध्ये भारतीय दूतावासासमोर मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर गांधीजींचाही पुतळा आहे. वेळ असेल तर दोन्ही एका दिवसात होतात.

आम्हाला काही अमेरिकेला जायचं नाही. जवळपास काही आहे का?

आहे, आणि हे कितीतरी सांगलीकरांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या तिच्या वास्तूच्या मधल्या कुंडात चार पुतळे आहेत: आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी दाखवणारा फूकोचा लंबकही तिथं आहे. संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर आपल्या शेजारचे, जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतालाच वेगळं रूप देऊन पाहिलं होतं. मे २०२५ मध्ये ते गेले. ज्यानं आइन्स्टाइनशी शास्त्रीय वाद घातला त्यानंच त्याचा पुतळा आपल्या अंगणात ठेवला, हे बघायला तरी जावं.

ही संशोधनसंस्था आहे, बाग नव्हे. आधी चौकशी करून, परवानगी घेऊन जा. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी लोकांसाठी कार्यक्रम असतात, शाळेची सहल न्यायची तर तो मुहूर्त चांगला. पहाटे सांगलीहून निघालात तर रात्री घरी.

शाळेतल्या मुलांसाठी तिथून काय आणू? चॉकलेटं तर सगळेच आणतात.

हातातल्या कागदाचा एक जवळून काढलेला, वाचता येईल असा फोटो. सूर्याच्या आणि चंद्राच्या चकत्यांचे फोटो, शेजारी स्वतःचा बूट ठेवून, म्हणजे आकार कळतो. आणि मध्यभागी उभं राहून रेकॉर्ड केलेला तुमचा आवाज, त्यापाठोपाठ तेच वाक्य पाच पावलं बाजूला सरकून. दोन्ही वर्गात लावा आणि फरक का पडला ते मुलांना विचारा. चॉकलेटंही आणा.